दुआने मागितलेली अमानत



सर्व प्रशंसा त्या अल्लाहसाठीच आहे, ज्याने माणसाला एका क्षुल्लक थेंबापासून घडविले, त्याला कान, डोळे व हृदय दिले आणि आईच्या कुशीत त्याच्यासाठी दयेची सोय केली. अल्लाहची कृपा व शांती असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी लहान मुलांना मांडीवर घेतले, त्यांचे मुके घेतले आणि जे अंतःकरण मुलांसाठी द्रवत नाही त्याविषयी खेद व्यक्त केला.

आज एका अशा विषयावर आपण विचार करू या, जो आपल्या कित्येक घरांत आहे, पण ज्याविषयी घरात बोलले जात नाही. निकाहला पाच-सात वर्षे होऊनही मूल होत नाही, म्हणून पती-पत्नी डॉक्टरांकडे जातात. अखेर आयव्हीएफचा, म्हणजे ज्याला लोक टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात त्या उपचाराचा सल्ला मिळतो. दागिने मोडले जातात, कर्ज काढले जाते, रात्री तहज्जुदमध्ये अश्रू ढाळले जातात. हा उपचार जायज आहे की नाही, असे आपण विचारतो आणि विचारलेच पाहिजे. यश मिळण्याची शक्यता किती, हेही विचारतो. परंतु तिसरा प्रश्न बहुधा राहून जातो : जे मूल येणार आहे, त्याच्या आरोग्याचे काय? त्याचा आपल्यावर कोणता हक्क आहे?

प्रेषितांनी काय मागितले?

अपत्याची ओढ ही ईमानाची दुर्बलता नव्हे. दिव्य कुरआनात सूरह मरयमच्या आरंभीच ह. जकरिया (अ.) यांची विनवणी सांगितली आहे. हाडे ठिसूळ झालेली, केस पांढरे झालेले, पत्नीला मूल होत नसलेले, आणि तरीही त्यांनी आपल्या पालनकर्त्याला हळू आवाजात हाक मारली. ह. इब्राहीम (अ.) यांनीही उतारवयापर्यंत अपत्याची वाट पाहिली. अल्लाहच्या या निवडक दासांनी मूल मागितले. मग एखाद्या दांपत्याने ते मागितले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

पण त्यांच्या मागण्याकडे नीट पाहा. ह. जकरिया (अ.) यांनी केवळ वारस मागितला नाही, आपल्या पालनकर्त्याला जो पसंत पडेल असा वारस मागितला. सूरह आलि इमरानमध्ये त्यांच्या दुआत पवित्र संततीचा उल्लेख आहे. ह. इब्राहीम (अ.) यांनी सदाचारी अपत्याची याचना केली. म्हणजे त्यांच्या दुआच्या केंद्रस्थानी येणारे मूल होते, त्याचे भले होते. लोक काय म्हणतील, घरातला टोमणा कसा थांबेल, हा त्या दुआचा विषय नव्हता. ज्याने मूल मागायचे, त्याने मुलाचे हित मागावे. हाच या लेखाचा गाभा आहे आणि पुढचे सारे याच एका गोष्टीतून निघते.

उपचार आणि त्याच्या मर्यादा

वाळवंटात राहणाऱ्या काही अरबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की, आम्ही औषधोपचार करावा काय? प्रेषितांनी उपचार करण्यास सांगितले आणि म्हातारपण वगळता असा कोणताही आजार नाही ज्याचा उतारा अल्लाहने ठेवलेला नाही, असे स्पष्ट केले (अबू दाऊद, तिरमिजी). वंध्यत्वाचा उपचार याच मार्गदर्शनाखाली येतो. तावीज-गंडे विकणाऱ्यांच्या दारात पैसा आणि ईमान दोन्ही गमावण्यापेक्षा जाणकार वैद्याकडे जाणे हेच सुन्नतला धरून आहे.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मली. शरीराबाहेर गर्भधारणा होऊन जन्मलेले ते जगातील पहिले मूल. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून अशीच एक मुलगी जन्मली. आपल्या मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना यश आले. उलेमांनीही या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही. इजिप्तच्या अल-अजहरमधून १९८० साली या विषयावर फतवा निघाला. ऑक्टोबर १९८६ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात सविस्तर ठराव झाला. त्याचे सार असे : शुक्राणू पतीचा, स्त्रीबीज त्याच्याच पत्नीचे आणि गर्भाशयही तिचेच असेल, निकाह कायम असेल आणि पूर्ण खबरदारी घेतली जात असेल, तर गरज म्हणून हा उपचार करता येतो. परक्या पुरुषाचे वीर्य, परक्या स्त्रीचे बीज किंवा परक्या स्त्रीचे गर्भाशय यांना मात्र जागा नाही. सूरह अल-फुरकानमध्ये वंशाचे नाते आणि विवाहाचे नाते ही अल्लाहने मानवाला दिलेली देणगी म्हणून सांगितली आहेत. ती देणगी गोंधळात टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून रुग्णालयाला आरंभीच, आणि लेखी, कळवावे की आम्हाला दात्याचे बीज किंवा शुक्राणू कोणत्याही परिस्थितीत नको. देशाचा २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा दात्याला परवानगी देतो. पण कायदा ज्याला मुभा देतो ते सर्व हलाल होत नाही. नमुन्यांवर नावे कशी लावतात, त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून कोण तपासणी करते, हेही विचारावे. ‘पूर्ण खबरदारी’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेत गर्भ तयार होतो, मग निर्माता कोण? सूरह अल-वाकिआमध्ये अल्लाहने हाच प्रश्न माणसापुढे ठेवला आहे की, तुम्ही जे वीर्य टाकता त्यापासून घडविणारे तुम्ही आहात की आम्ही? शेतकरी बी पेरतो, पण अंकुर तो फोडत नाही. डॉक्टर दोन बीजे एका जागी आणतो. त्यांतून जीव उठणे किंवा न उठणे त्याच्या हाती नाही, हे तोही जाणतो.

या मुलांच्या आरोग्याविषयी काय दिसून आले?

२०१८ सालापर्यंत जगभरात ऐंशी लाखांहून अधिक मुले या उपचारांतून जन्मली, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. त्यांतील बहुसंख्य मुले इतर मुलांसारखीच निरोगी असतात. लुईस ब्राऊन स्वतः २००६ साली नैसर्गिकरीत्या आई झाली. ज्या माता-पित्यांच्या मांडीवर असे मूल आज खेळत आहे, त्यांनी प्रथम ही गोष्ट मनात ठेवावी आणि अल्लाहचे आभार मानावेत.

तरीही काही धोके थोडे अधिक असतात, हे लपविणे योग्य नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियात तीन लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासण्यात आल्या आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचारांतून जन्मलेल्या शंभरांतील सुमारे ८.३ मुलांत काही ना काही जन्मजात दोष आढळला. इतर मुलांत हे प्रमाण ५.८ होते. म्हणजे शंभरांतील ९१ ते ९२ मुले निर्दोष होती, हेही त्याच आकड्यात आहे. पालकांचे वय, आजार, सवयी यांचा हिशेब मांडल्यावर साध्या आयव्हीएफच्या बाबतीत हा फरक जवळपास मिटला. परंतु इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीत, तो शिल्लक राहिला.

मग दोष तंत्राचा की मूळ वंध्यत्वाचा? नॉर्वेतील संशोधकांनी २००८ साली एक सुंदर तुलना केली. ज्या मातांना एक मूल उपचारातून आणि दुसरे नैसर्गिकरीत्या झाले होते, अशा सख्ख्या भावंडांची त्यांनी तुलना केली. वजन व गर्भकाळ यांबाबत भावंडांत फारसा फरक आढळला नाही. यावरून कळते की, धोक्याचा मोठा वाटा ज्या कारणाने मूल होत नव्हते त्या कारणाशी, म्हणजे माता-पित्यांच्या स्वतःच्या प्रकृतीशी निगडित आहे.

स्वीडनमध्ये पंचवीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१३ साली असे दिसले की, या उपचारांचा स्वमग्नतेशी एकंदरीत ठळक संबंध नाही. ही बातमी दिलासा देणारी आहे. बेल्जियममध्ये मात्र इक्सीतून जन्मलेल्या पहिल्या पिढीतील ५४ तरुण मुलांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातील शुक्राणूंची घनता समवयस्कांच्या तुलनेत जवळपास निम्मी होती. वडिलांची अडचण मुलाकडे काही अंशी जाऊ शकते, हे यातून समजते. असा मुलगा मोठा झाल्यावर त्याला आपल्या जन्माची माहिती असणे का आवश्यक आहे, तेही यातूनच कळते. त्याविषयी पुढे बोलू.

एकाच खर्चात दोन?

बंधू-भगिनींनो, या मुलांवर येणाऱ्या संकटांचे सर्वांत मोठे कारण तंत्राच्या खोल रहस्यात नसून एका साध्या निर्णयात आहे. गर्भाशयात एका वेळी किती गर्भ सोडायचे? दोन किंवा तीन सोडले, तर जुळी-तिळी होण्याची शक्यता वाढते. कित्येक घरांत जुळ्यांची इच्छा बोलून दाखविली जाते : एवढा खर्च केला आहे, एकदाच दोन झाली तर पुन्हा झंझट नको. ऐकायला हा हिशेब शहाणपणाचा वाटतो. परंतु जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवड्यांच्या आत, अपुऱ्या दिवसांची जन्मतात. अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणजे काचेच्या पेटीत काढलेले दिवस, श्वासाचा त्रास, जंतुसंसर्गाची भीती, आणि काहींच्या बाबतीत मेंदूवर, डोळ्यांवर, श्रवणावर आयुष्यभराची खूण. मातेचा रक्तदाब, रक्तस्राव आणि शस्त्रक्रिया यांचा धोका वेगळाच.

यावर उपाय सापडलेला आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील एका अभ्यासात ३६ वर्षांखालील ६६१ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटात दोन गर्भ एकाच वेळी सोडले. दुसऱ्या गटात एकच सोडला आणि तो रुजला नाही तर गोठवून ठेवलेला दुसरा पुढच्या वेळी सोडला. पहिल्या गटात शंभरांतील सुमारे ४३ स्त्रियांना मूल झाले, दुसऱ्या गटात सुमारे ३९ जणींना. फरक एवढाच. पण पहिल्या गटातील प्रसूतींपैकी ३३ टक्के जुळ्यांच्या होत्या आणि दुसऱ्या गटात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. स्वीडनने २००३ पासून सामान्यतः एकच गर्भ सोडण्याचा नियम केला, आणि तेथील जुळ्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

आता आपला धर्म काय सांगतो ते पाहा. स्वतः इजा सोसू नये आणि दुसऱ्याला इजा पोहोचवू नये, ही प्रेषितांची शिकवण (इब्ने माजा) फिकहचा पाया मानली जाते. जे बाळ अजून बोलू शकत नाही, नकार देऊ शकत नाही, त्याला केवळ आपल्या सोयीसाठी धोक्यात टाकणे ही इजा नव्हे काय? आणि तीन गर्भ रुजले तर? मग डॉक्टर सांगतात, एक कमी करावा लागेल. ज्या दांपत्याने एका जीवासाठी वर्षानुवर्षे सजदे केले, त्यांच्यावर एका जीवाला संपविण्याच्या कागदावर सही करण्याची वेळ येते. जो निर्णय आधी एका वाक्यात घेता आला असता, तो नंतर आयुष्यभराचा सल होऊन बसतो.

१९९० साली जिद्दा येथील अधिवेशनात फिकह अकादमीने असे सुचविले की, दर वेळी गरजेपुरतीच स्त्रीबीजे फलित करावीत, म्हणजे अतिरिक्त गर्भांचा प्रश्नच उद्भवणार नाही. गर्भ गोठवून ठेवण्याविषयी उलेमांत मतभेद आहेत. अनेकांनी तो त्याच पती-पत्नीसाठी आणि निकाह कायम असेपर्यंत वापरण्याच्या अटीवर चालेल असे म्हटले आहे, तर काहींनी त्यापासून दूर राहण्यास सांगितले आहे. तेव्हा उपचार सुरू होण्यापूर्वीच आपल्या विश्वासातील मुफ्तींना भेटावे. किती बीजे फलित करायची, किती गर्भ सोडायचे, उरलेल्यांचे काय, हे तिन्ही प्रश्न त्यांच्यासमोर आणि डॉक्टरांसमोर एकाच वेळी ठेवावेत. वय अधिक असेल किंवा आधीचे प्रयत्न फसले असतील, तर डॉक्टर वेगळा सल्ला देऊ शकतात. पण तो सल्ला कारणासह असावा. ‘जुळी झाली तर बरेच’ हे कारण नव्हे.

पाऊल टाकण्यापूर्वी

मुलाच्या आरोग्याची सुरुवात माता-पित्यांच्या आरोग्यापासून होते. पत्नीचे साखर, थायरॉइड, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. वजन आटोक्यात आणावे. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भधारणेपूर्वीच सुरू कराव्यात. पतीने आपली तपासणी आधी करावी. आपल्याकडे सुनेच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालतात आणि मुलाची एक साधी वीर्यतपासणीही होत नाही, हा उघड अन्याय आहे. सिगारेट, गुटखा, तंबाखू आणि मिश्री यांनी बीजाचे व बाळाचे नुकसान होते. जो पिता अल्लाहकडे निरोगी मूल मागतो आणि खिशात पुडी ठेवतो, त्याने आपल्या दुआची आणि आपल्या कृतीची तोंडे कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे. प्रेषितांनी उंट आधी बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले होते (तिरमिजी). पुडी टाकून देणे हे येथे उंट बांधणेच आहे.

ज्या घराण्यांत नात्यात निकाह होतात, त्यांनी थॅलेसेमियाची तपासणी अवश्य करावी. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर दर गर्भधारणेत चारांत एक शक्यता अशी असते की, बाळाला आयुष्यभर रक्त चढवावे लागेल. आयव्हीएफ केल्याने ही शक्यता आपोआप टळत नाही, कारण बीज तेच असते. एक साधी रक्ततपासणी ही गोष्ट वेळीच उघड करते.

डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारावा : आम्हाला इक्सीची खरोखर गरज आहे काय? पतीच्या शुक्राणूंत गंभीर दोष असेल तेथे ती उपयोगी आहे. शुक्राणू निरोगी असतील तर साध्या पद्धतीपेक्षा तिचा विशेष लाभ नाही. पतीचा दोष गंभीर असेल, तर तो आनुवंशिक आहे का, याची तपासणी करून घ्यावी. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अनादर नव्हे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो नुकसानीला जबाबदार आहे, असे प्रेषितांनी फर्माविले आहे (अबू दाऊद, नसाई). म्हणून नोंदणीकृत केंद्राशिवाय कोठेही जाऊ नये.

बाळ हाती आल्यावर

बाळ जन्मले, अजान कानी पडली, पेढे वाटले, अकीक्याची तयारी सुरू झाली. येथे अनेक घरांची सावधगिरी संपते, आणि खरे तर येथून ती वाढायला हवी.

चाळीस दिवस बाळ-बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढू नये, असा आपल्या घरांत रिवाज आहे. विश्रांतीसाठी तो चांगलाच. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत हाच रिवाज दृष्टी हिरावून घेऊ शकतो. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो. नेत्रतज्ज्ञाने जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पडदा तपासला, तर बहुतेक वेळा दृष्टी वाचविता येते. फारच लहान बाळांची तपासणी त्याहूनही आधी करावी लागते. चाळिसावा दिवस उलटेपर्यंत थांबलेल्या घरात हा काळ निघून जातो. कोणत्याही शरीअतने आपल्याला बाळाचा इलाज रोखायला सांगितलेले नाही. रिवाज आणि दीन यांतील फरक ओळखावा. श्रवणाची तपासणीही वेळेवर करून घ्यावी.

आईच्या उघड्या छातीशी बाळाला त्वचेला त्वचा लावून धरण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली आणि आज जगभर कमी वजनाच्या बाळांसाठी वापरली जाते. तिला पैसा लागत नाही. पितादेखील बाळाला असे धरू शकतो. सूरह अल-बकरामध्ये मातांनी पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याविषयी मार्गदर्शन आहे आणि त्या काळात मातेचा खर्च उचलण्याची जबाबदारी पित्यावर टाकली आहे. उपचारांच्या कर्जाचा ताण त्या मातेच्या ताटावर पडता कामा नये.

आणि बालरोगतज्ज्ञाला खरे सांगावे. हे मूल कोणत्या उपचारातून झाले, किती आठवड्यांचे होते, वजन किती होते, हे सर्व त्याच्या फायलीत असावे. काही अभ्यासांत अशा मुलांचा रक्तदाब थोडा अधिक आढळला आहे. तो अधूनमधून मोजून घेणे काही अवघड नाही. भीती नको, नजर हवी.

लपविण्यासारखे काय आहे?

अनेक पालक ही गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवितात, कारण घरात सांगितलेले नसते. घरात सांगितलेले नसते, कारण ‘खरे मूल’ आणि ‘बनवलेले मूल’ अशी भाषा आपण सहन करतो. सासूबाईंनो, नणंदांनो, शेजारणींनो, आपल्यालाही हे विचारायचे आहे. जे मूल निकाहच्या बंधनात, आपल्याच पित्याच्या बीजापासून आणि आपल्याच आईच्या कुशीतून जन्मले, त्याच्या वंशात कोणती उणीव आहे? वारसाहक्क, महरम नाती, नाव, सर्व काही त्याला पूर्णपणे लागू आहे. देशाचा कायदाही त्याला त्याच दांपत्याचे मूल मानतो. सूरह अल-हुजुरातने एकमेकांना टोमणे मारण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास मनाई केली आहे. काचेच्या भांड्याचा टोमणा हा याच मनाईत येतो.

लपविण्यासारखे नाही, म्हणून मूल समजत्या वयाचे झाले की त्याला प्रेमाने सांगावे : बाळा, आम्ही तुला फार मागितले होते, अल्लाहने डॉक्टरांना निमित्त केले आणि तुला आमच्याकडे पाठविले. जे मूल हे आई-वडिलांच्या तोंडून ऐकते, त्याला पुढे ते कोणाच्या भांडणात ऐकावे लागत नाही. उद्या त्याला स्वतःच्या निकाहनंतर वैद्यकीय सल्ला लागला, तर हीच माहिती त्याच्या उपयोगी पडेल.

येथे एका घोर गोष्टीचाही उल्लेख करणे भाग आहे. उपचार करतोच आहोत तर मुलगाच निवडावा, असा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर तो तेथेच गाडून टाकावा. तो आपल्या देशात गुन्हा आहे, आणि ज्या दीनने जिवंत पुरलेल्या मुलीला न्यायाच्या दिवशी वाचा दिली, त्या दीनशी द्रोह आहे. सूरह अश्-शूराच्या अखेरीस अल्लाहने आपल्या देणगीचे वर्णन करताना मुलींचा उल्लेख मुलांच्या आधी केला आहे.

ज्यांची ओंजळ रिकामी राहिली

त्याच ठिकाणी पुढे असेही सांगितले आहे की, अल्लाह ज्याला इच्छितो त्याला निःसंतान ठेवतो आणि तो सर्व जाणणारा, सामर्थ्यवान आहे. निःसंतान राहणे ही शिक्षा असती, तर ह. आयशा (रजि.) यांना ती का मिळाली असती? त्यांना अपत्य झाले नाही. आपल्या बहिणीच्या मुलाच्या नावावरून त्या ‘उम्मे अब्दुल्लाह’ म्हणविल्या गेल्या, आणि त्यांच्या ज्ञानातून सारी उम्मत आजवर शिकत आली आहे. कोणता स्त्री-पुरुष त्यांच्याहून अधिक सफल झाला?

म्हणून उपचाराची एक सीमा आधीच ठरवावी. पत्नीचे शरीर म्हणजे प्रयोगभूमी नव्हे. बीजकोश उत्तेजित करणारी इंजेक्शने पुन्हा पुन्हा घेतल्याने तिला त्रास होऊ शकतो. ती थांबू या म्हणाली, तर थांबावे. व्याजाच्या कर्जात घर बुडवून, एक हराम पत्करून दुसरी नेमत मिळविण्याचा प्रयत्न करू नये. अनाथाचा सांभाळ करण्याचे द्वार उघडे आहे; त्याच्या खऱ्या पित्याचे नाव कायम ठेवून त्याला माया दिली, तर जन्नतमध्ये प्रेषितांच्या सान्निध्याचे वचन आहे (बुखारी).

सूरह अन्-निसाने अशा लोकांना सावध केले आहे, ज्यांना आपल्यामागे दुर्बल मुले सोडून जाण्याची चिंता वाटली असती. त्यांनी अल्लाहचे भय बाळगावे आणि सरळ, खरी गोष्ट बोलावी. ही शिकवण अनाथांच्या संदर्भात आली आहे, पण तिचा प्रकाश आपल्या प्रश्नावरही पडतो. आपल्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीविषयी विचारले जाईल (बुखारी, मुस्लिम). ज्या बाळासाठी आपण इतके रडलो, त्याविषयी तर आधी विचारले जाईल : एक गर्भ पुरेसा असताना तीन का सोडले? डोळे तपासायला का नेले नाही? डॉक्टरांपासून खरे का लपविले? या प्रश्नांची उत्तरे आजच तयार करता येतात.

हे अल्लाह, ज्यांची कूस रिकामी आहे त्यांना आपल्या खजिन्यातून पवित्र व निरोगी संतती दे. ज्यांना दिलीस, त्यांना तिचा हक्क ओळखण्याची बुद्धी दे. जी बाळे या क्षणी काचेच्या पेटीत श्वासासाठी झगडत आहेत, त्यांच्यावर दया कर आणि त्यांच्या आयांच्या मनाला शांती दे. ज्यांच्यासाठी तू वेगळे ठरविले आहेस, त्यांना त्या निर्णयावर राजी राहण्याचे बळ दे. आणि आमच्या जिभांना कोणत्याही घराचे दुःख वाढविण्यापासून रोख. आमीन.